विश्लेषण : विंडोज सर्व्हरची मुदत संपतेय, त्याच्या जागी कोणते लिनक्स?

‘विंडोज सर्व्हर २०१६’ला मिळणारे सुरक्षा अपडेट १२ जानेवारी २०२७ रोजी थांबतात. २०१२ आणि २०१२ आर-टू या आवृत्त्यांची मुदत तर १० ऑक्टोबर २०२३ रोजीच संपली. त्यासाठी पैसे भरून मिळणारी वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. लहान कारखाने, सीए फर्म, पतसंस्था, महाविद्यालये अशा ठिकाणी कोपऱ्यातल्या खोलीत वर्षानुवर्षे बिनबोभाट चालणारे हे सर्व्हर बदलणे आता भाग आहे. नवा परवाना घ्यायचा की लिनक्सकडे वळायचे? आणि वळायचे तर उबंटू, डेबियन, रॉकी, अल्मा, रेड हॅट यांपैकी कशाकडे?

मुदत संपली म्हणजे नेमके काय होते?

दिसायला काहीच होत नाही आणि धोका तिथेच आहे. १२ जानेवारीला मंगळवार आहे. बुधवारी सकाळी सर्व्हर नेहमीसारखा सुरू होईल, फोल्डर उघडतील, बिले छापली जातील. फक्त त्यानंतर एखादी नवी फट सापडली, तर ती बुजवणारा पॅच आपोआप येणार नाही.

मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हल्ल्यात याचा अनुभव जगाने घेतला. ज्या फटीतून तो शिरला तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. बाधित झालेली बहुतेक यंत्रे तो न लावलेली होती. पण जुलै २०१५ मध्ये मुदत संपलेला सर्व्हर २००३ वापरणाऱ्यांकडे लावायला पॅचच नव्हता. हल्ला झाल्यावर कंपनीने अपवाद म्हणून तो दिला. त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ने हीच फट वापरली आणि न्हावाशेवा येथील जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

नवा विंडोज सर्व्हर घेणे हा सरळ मार्ग आहेच. त्याचा खर्च मात्र पहिल्या कोटेशनमध्ये पूर्ण दिसत नाही. स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजला जातो, त्यात एका सर्व्हरमागे किमान १६ कोअरचे पैसे द्यावे लागतात. शिवाय सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा प्रत्येक उपकरणासाठी ‘कॅल’ हा वेगळा परवाना. चाळीस जणांच्या कार्यालयात ही दुसरी रक्कमच मोठी ठरते. लिनक्सचा विचार सुरू होतो तो बहुतेकदा इथे.

डिस्ट्रो म्हणजे काय आणि इतक्या कशाला?

लिनक्स हे खरे तर फक्त कर्नलचे, म्हणजे यंत्राशी बोलणाऱ्या गाभ्याचे नाव. त्यावर हजारो प्रोग्रॅम रचून, तपासून, एकत्र बांधून जो संच दिला जातो त्याला डिस्ट्रिब्युशन किंवा डिस्ट्रो म्हणतात. पीठ एकच, भाकरी थापणारे हात वेगळे. म्हणूनच ‘कोणते लिनक्स वेगवान’ या वादात सर्व्हर निवडणाऱ्याने वेळ घालवू नये. फरक पडतो तो तीन गोष्टींनी : दुरुस्त्या किती वर्षे मिळतील, आपल्याला लागणारे सॉफ्टवेअर त्यावर अधिकृतपणे चालते का, आणि बिघाड झाल्यावर तो समजणारा माणूस आपल्या गावात मिळतो का.

सर्व्हरवर चालणारी दोन मोठी घराणी आहेत. एक डेबियनचे, त्यातूनच उबंटू निघाले. दुसरे रेड हॅटचे, रॉकी आणि अल्मा ही त्याची भावंडे. जर्मनीतील सुसे हे तिसरे. ते भक्कम आहे, पण इथल्या लहान कार्यालयांत फारसे दिसत नाही.

आधी आपला सर्व्हर करतो तरी काय?

या प्रश्नाचे लेखी उत्तर नसेल तर डिस्ट्रोची चर्चा व्यर्थ आहे. समजा, भोसरी एमआयडीसीतील चाळीस जणांचा एक सुट्या भागांचा कारखाना आहे. तिथला सर्व्हर साधारण पाच कामे करत असतो. ड्रॉइंग आणि एक्सेलच्या फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवणे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून सर्वांचे लॉगिन-पासवर्ड सांभाळणे. टॅलीचा डेटा. हजेरीच्या अंगठा-मशीनचे सॉफ्टवेअर आणि त्याचा एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस. आणि स्टोअरचा हिशेब ठेवणारा, कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहून दिलेला एक प्रोग्रॅम, ज्याचा कर्ता आता फोन उचलत नाही.

पहिले काम लिनक्सवर सहज होते. ‘सांबा’ हे सॉफ्टवेअर लिनक्स सर्व्हरला विंडोजच्या फाइल सर्व्हरची भाषा बोलायला लावते. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये त्याची सुरुवात केली. कर्मचाऱ्यांचे पीसी विंडोजचेच राहतात. त्यांना ‘झेड ड्राइव्ह’ पूर्वीसारखाच दिसतो. जीएसटी वा प्राप्तिकराची डिजिटल सही पीसीला लावलेल्या टोकनवर असते, तिलाही धक्का लागत नाही.

टॅलीचे उत्तर मांडणीवर अवलंबून आहे. टॅली प्राइम हे विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर. प्रत्येकाच्या पीसीवर टॅली आणि डेटा तेवढा सामायिक फोल्डरमध्ये असेल, तर तो फोल्डर सांबावर ठेवता येतो आणि परवान्याची सेवा एखाद्या विंडोज पीसीवर चालू शकते. मात्र तीन-चार जण एकाच वेळी नोंदी करत असताना ते कसे चालते, हे आधी डेटाच्या प्रतीवर तपासायला हवे. उलट सगळे जण रिमोट डेस्कटॉपने सर्व्हरवर येऊन टॅली वापरत असतील तर त्या कामासाठी विंडोजच लागेल.

हजेरीचे सॉफ्टवेअर आणि स्टोअरचा प्रोग्रॅम इथे खरी अडचण येते. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवरही चालतो, मोफत ‘एक्स्प्रेस’ आवृत्तीसह. पण अधिकृत पाठिंबा मोजक्याच डिस्ट्रोंना आहे. एसक्यूएल सर्व्हर २०२२ साठी ते रेड हॅट, सुसे आणि उबंटू. डेबियन, रॉकी, अल्मा या यादीत नाहीत. म्हणजे हा डेटाबेस लागत असेल तर यादी वाचूनच निम्मी निवड होऊन जाते. स्टोअरचा प्रोग्रॅम जुन्या ‘डॉट नेट फ्रेमवर्क’वर असेल तर तो लिनक्सवर चालणार नाही, नव्या ‘डॉट नेट’मध्ये लिहिला असेल तर चालेल. दोन्हींची नावे इतकी सारखी आहेत की विकणाऱ्यालाही अनेकदा नीट सांगता येत नाही. आवृत्तीचा क्रमांक विचारावा : तो ४ ने सुरू होत असेल तर जुनाच.

अशा हट्टी प्रोग्रॅमसाठी मधला मार्ग आहे. नव्या यंत्रावर लिनक्स टाकून त्यावर आभासी यंत्रात एकच विंडोज ठेवायचे. डेबियनवर उभे असलेले ‘प्रॉक्समॉक्स’ त्यासाठी बरेच जण वापरतात. त्या विंडोजचा परवाना लागतोच, त्याची आवृत्तीही मुदतीतली हवी. पण त्याला इंटरनेटपासून तोडून, फक्त त्या दोन कामांपुरते बांधून ठेवता येते.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचे काय?

हा मुद्दा डिस्ट्रो निवडताना सर्वात जास्त दुर्लक्षित राहतो. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या सांबा ४.० पासून लिनक्स सर्व्हर स्वतःच अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर होऊ शकतो. विंडोजच्या पीसींना फरक कळत नाही. पण ही सोय डेबियन आणि उबंटूच्या पॅकेजमध्ये मिळते; रेड हॅट आपल्या सांबा पॅकेजमध्ये ती देत नाही. रॉकी आणि अल्मा रेड हॅटच्या पावलावर पाऊल टाकतात, त्यामुळे तिथेही नाही. या घराण्याचा सर्व्हर विद्यमान डोमेनचा सभासद होऊ शकतो, फाइल सर्व्हर होऊ शकतो. डोमेनचा मालक व्हायचे तर सांबा बाहेरून बांधून घ्यावे लागते. ते एकदा जमतेही, पण पुढे प्रत्येक सुरक्षा-दुरुस्तीच्या वेळी ते काम पुन्हा कोण करणार?

म्हणजे जुना विंडोज सर्व्हर हाच कार्यालयाचा एकमेव डोमेन कंट्रोलर असेल आणि तोच काढायचा असेल, तर निवड डेबियन घराण्याकडे झुकते. ‘रेड हॅट म्हणजे कॉर्पोरेट, म्हणून तेच’ हा सरधोपट सल्ला इथे फसतो. लॉगिनची सगळी व्यवस्था क्लाउडवर गेली असेल किंवा पीसी दहाच असून डोमेनची गरजच नसेल, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

मुदतीच्या आश्वासनावर किती विसंबायचे?

इथे ‘सेंटओएस’ची गोष्ट सांगायलाच हवी. रेड हॅटच्या व्यावसायिक लिनक्सचीच हुबेहूब, पण मोफत आवृत्ती म्हणून सेंटओएस जगभर लोकप्रिय होते. होस्टिंग कंपन्या, विद्यापीठे, संशोधन संस्था सगळीकडे. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, या हिशेबाने अनेकांनी २०१९-२० मध्ये ते बसवले. ८ डिसेंबर २०२० रोजी घोषणा झाली की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद होणार. दहा वर्षांचा शब्द दोन वर्षांवर आला. गंमत अशी की जुन्या सेंटओएस ७ ची मुदत मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत पाळली गेली. म्हणजे ज्यांनी वेळेत आवृत्ती वाढवली तेच आधी अडचणीत आले.

त्या पोकळीतून दोन प्रकल्प उभे राहिले. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक ग्रेगरी कर्ट्झर यांनी रॉकी लिनक्स सुरू केले. दिवंगत सहकारी रॉकी मॅकगॉ यांच्या स्मरणार्थ ते नाव. क्लाउडलिनक्स या कंपनीच्या पुढाकाराने अल्मालिनक्स आले. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपला स्रोत-कोड सर्वांसाठी खुला ठेवण्याची पद्धत आणखी आवळली. त्यावर अल्माने ‘हुबेहूब प्रत’ हे ध्येय सोडून ‘रेड हॅटवर चालते ते इथेही चालेल’ एवढ्या सुसंगतीवर समाधान मानले. रॉकीने हुबेहूबचा आग्रह कायम ठेवला. दोघांच्याही नवव्या आवृत्तीला ३१ मे २०३२ पर्यंत दुरुस्त्या देण्याचे जाहीर झाले आहे. हा काळ मोहात पाडणारा आहे. तरी वर कंपनी असो वा संस्था, आश्वासन देणारा कोण आणि त्याचा खर्च कोण उचलतो, हे पाहून घ्यावे.

मग शेवटी कोणते?

उबंटू सर्व्हर हा बहुतेक लहान कार्यालयांसाठी सर्वात कमी त्रासाचा पर्याय आहे. पण घ्यायची ती फक्त एलटीएस आवृत्ती. ती दर दोन वर्षांनी, सम वर्षी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे मोफत दुरुस्त्या मिळतात. मधल्या आवृत्त्या नऊ महिन्यांच्या पाहुण्या. एक बारीक अट अनेकांना ठाऊक नसते. पाच वर्षांची ही मोफत हमी ‘मेन’ या मुख्य भांडारातील पॅकेजपुरती आहे. ‘युनिव्हर्स’ या दुसऱ्या, खूप मोठ्या भांडारासाठी आणि एकूण दहा वर्षांच्या मुदतीसाठी ‘उबंटू प्रो’ घ्यावे लागते. ते व्यक्तिगत वापराला पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे, त्यापुढे पैसे पडतात.

डेबियन १९९३ पासून चालत आले आहे आणि कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाही. रात्रीत धोरण बदलण्याची भीती इथे सर्वात कमी. प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षे पूर्ण पाठिंबा आणि पुढे दोन वर्षे एलटीएस, अशी सुमारे पाच वर्षे मिळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले डेबियन १३ त्यामुळे २०३० पर्यंत चालेल. त्याचा खरा गुण नंतर कळतो : एका आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत, नव्याने न बसवता, जागच्या जागी जाता येते. सरकारी कार्यालयांत दिसणारे सी-डॅकचे ‘बॉस’ लिनक्सही डेबियनवरच बेतलेले आहे. मात्र फोन फिरवावा अशी कंपनी मागे नाही. जाणकार माणूस हाताशी असेल तर डेबियन. नसेल तर उबंटू.

रॉकी किंवा अल्मा घ्यावे ते ओरॅकल, एसएपी किंवा एखादे अभियांत्रिकी सॉफ्टवेअर रेड हॅट घराण्याचीच अट घालत असेल तेव्हा. विक्रेता ‘फक्त रेड हॅट’ म्हणत असेल, तर वर्गणी भरून रेड हॅटच घ्यावे. सोबत दहा वर्षांची मुदत आणि तक्रार नोंदवायला जागा मिळते. पुण्यात रेड हॅटचे कार्यालय आहे आणि त्यांच्या परीक्षांची तयारी करून घेणारे क्लासही भरपूर, त्यामुळे या घराण्याचे शिकलेले मनुष्यबळ मिळणे तुलनेने सोपे. या दोन भावंडांत एक फरक लक्षात ठेवावा. मुख्य आवृत्ती बदलताना रॉकी नव्याने बसवण्याचाच सल्ला देते. अल्माकडे त्यासाठी ‘एलिव्हेट’ हे साधन आहे.

फेडोराची एक आवृत्ती सुमारे १३ महिने टिकते. आर्च सतत बदलत राहते. दोन्ही घरच्या लॅपटॉपवर छान. हिशेब ठेवणाऱ्या सर्व्हरवर नकोत.

विंडोजच्या खिडक्यांची सवय असलेल्यांना सर्व्हरचा काळा पडदा घाबरवतो. त्यासाठी ‘कॉकपिट’ वापरून पाहावे. ब्राउझरमधून सेवा, डिस्क, अपडेट हे सारे त्यात दिसते, आणि वरच्या सर्व डिस्ट्रोंवर ते मिळते.

लिनक्स आहे म्हणजे सुरक्षित, हे खरे का?

नाही. २९ मार्च २०२४ रोजी उघड झालेले ‘एक्सझेड’ प्रकरण हा ताजा पुरावा. फाइल दाबून लहान करणाऱ्या या छोट्या साधनात, विश्वास संपादन केलेल्या एका सहभागी व्यक्तीने चोरवाट पेरली होती. दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती सापडली. ते नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये!

निवडीच्या दृष्टीने यातला धडा वेगळा आहे. बिघडलेल्या आवृत्त्या फेडोराच्या चाचणी शाखा, डेबियनच्या ‘टेस्टिंग’ आणि ‘अनस्टेबल’ शाखा, सतत बदलणाऱ्या डिस्ट्रो अशा नव्याच्या मागे धावणाऱ्या ठिकाणी पोहोचल्या होत्या. डेबियन स्टेबल, उबंटूच्या एलटीएस आवृत्त्या आणि रेड हॅट यांच्यापर्यंत त्या आल्याच नाहीत. सर्व्हरवरील सॉफ्टवेअर ‘दोन वर्षे जुने’ दिसते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

बाकी काळजी नेहमीचीच. सुरक्षा अपडेट आपोआप बसतील अशी सोय सुरू करावी. रेड हॅट घराण्यातील ‘एसई-लिनक्स’ हा पहारेकरी आड येतो म्हणून पहिल्याच दिवशी बंद करण्याची वाईट सवय अनेकांना असते, ती टाळावी. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना १८० दिवसांचे लॉग देशात जपून ठेवावे लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. बहुतेक डिस्ट्रो मूळ मांडणीत जुने लॉग चार आठवड्यांनी पुसतात. ती मुदत हाताने वाढवावी लागते, आपोआप वाढत नाही.

बदल करताना कुठे ठेच लागते?

एक ठेच खास मराठी आहे. विंडोजवर फाइलचे नाव २५५ अक्षरचिन्हांपर्यंत लांब असू शकते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत ही मर्यादा २५५ बाइटची आहे आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. म्हणजे मर्यादा झाली ८५ चिन्हांची. अख्खा विषय फाइलच्या नावातच लिहिण्याची पद्धत असलेल्या कार्यालयात कॉपी करताना नेमक्या अशाच फाइल मागे राहतात, आणि त्रुटींची यादी कुणी वाचली नाही तर महिन्याभराने कळते. आधीच लांब नावे शोधून छोटी करणे हा उपाय.

दुसरी गोष्ट, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची. लिनक्सला ती वेगळी वाटतात. सामायिक फोल्डरमध्ये सांबा हा फरक झाकून घेते. पण आयआयएसवरची जुनी वेबसाइट एनजिन्क्सवर आणली की निम्मी चित्रे गायब दिसतात, कारण कोडमध्ये नाव एका पद्धतीने आणि फाइलला दुसऱ्या.

डोमेनचे काम एका रात्रीत करू नये. नवा सांबा सर्व्हर आधी जुन्या डोमेनमध्ये दुसरा कंट्रोलर म्हणून जोडायचा, लॉगिन चालतात हे काही दिवस पाहायचे, मग मुख्य भूमिका त्याच्याकडे सोपवून जुन्याला रीतसर पदमुक्त करायचे. ग्रुप पॉलिसीच्या फाइल एका कंट्रोलरवरून दुसऱ्यावर नेण्याचे काम सांबा स्वतः करत नाही. तेवढे वेगळे जुळवावे लागते. फोल्डरचे परवाने, म्हणजे कोणाला काय उघडता येते, हे प्रत्येक विभागातील एका माणसाला बसवून तपासून घ्यावे. अकाउंट्सचा पगाराचा फोल्डर सर्वांना उघडला तर लिनक्सचे नाव कायमचे खराब होईल.

बॅकअप घेतला जातो का, हे विचारण्यापेक्षा तो परत कधी उतरवून पाहिला, हे विचारावे. हे बदलाच्या आधी एकदा जुन्या सर्व्हरवर आणि नंतर एकदा नव्यावर करून पाहायचे, आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवायचे. मुहूर्त महिनाअखेरीचा, रिटर्नच्या तारखेचा किंवा मार्चचा नको. दिवाळीची सुटी सर्वात सोयीची, फक्त त्या दिवसांत सेवा देणारा माणूस गावाला गेलेला नसावा. जुना सर्व्हर बंद करून, नेटवर्कची वायर काढून कपाटाशेजारी ठेवून द्यावा. निदान एक पगार, एक महिनाअखेर आणि जीएसटीचे एक रिटर्न नव्या सर्व्हरवर पार पडेपर्यंत त्याची डिस्क पुसू नये.